फ्लॅट टॉप्समध्ये एल्कची शिकार: रेंजवरचा ग्रुप बघून गोळी निवडू नका

‘रायफलला कोणती गोळी आवडते ते आधी बघा, बाकीचं नंतर’, हा सल्ला नेमबाजीच्या रेंजवर ज्याला विचाराल तो देतो. ऑक्टोबरअखेर अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्स या डोंगराळ पठारावर पाच दिवस काढल्यावर स्पष्ट सांगतो, एल्कसाठी (हे थोराड हरीण) हा सल्ला उलटा आहे. आधी गोळीची बांधणी ठरवा, मग त्या गोळीतून जमेल तेवढी अचूकता काढा.

जायचा रस्ता सोपा आहे. डेन्व्हरहून आय-७० ने रायफल नावाच्या गावापर्यंत, तिथून हायवे १३ ने मीकर आणि पुढे काउंटी रोड ८ धरून ट्रॅपर्स लेक. तळं साधारण ९,६०० फुटांवर आहे. मोकळ्या कुरणांतले दिवस बरे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा तळ्याभोवतीच्या जळक्या पट्ट्यात होते. २००२ च्या बिग फिश वणव्यात जळालेली झाडं एकमेकांवर आडवी पडली आहेत. काही ठिकाणी खोडं कमरेइतकी उंच, वर बर्फ, मधे नवी रोपं. नकाशावरच्या एका किलोमीटरला दोन तास धरा. इथे एल्क दिसला तर ४०-५० यार्डांवर, तोही तिरका आणि खोडांच्या फटीतून. एवढ्या जवळ गोळी जवळजवळ नळीतून सुटल्याच्याच वेगाने आदळते. कागदावर सुंदर ग्रुप (एकमेकांलगत पडलेली भोकं) देणाऱ्या पातळ कवचाच्या मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) गोळ्या या वेगाने फऱ्याच्या हाडावर आपटल्या की फुटून विखुरतात आणि फुप्फुसापर्यंत पोचतीलच याचा भरवसा राहत नाही. जखमी एल्क त्या लाकडांत शिरला तर माग काढणं जवळपास अशक्य.

म्हणून .३०-०६ या काडतुसासाठी दोनच पर्याय सुचवतो: १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) नॉस्लर पार्टिशन किंवा १६८ ग्रेनची बार्न्स टीटीएसएक्स. पार्टिशनच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा असतो. पुढचं शिसं उमललं तरी मागचा भाग शाबूत राहून आत घुसतो. टीटीएसएक्स अख्खी तांब्याची, त्यामुळे मांसात शिशाचे कण राहत नाहीत. पण तिला उमलायला वेग लागतो. लांबवर वेग सेकंदाला २,००० फुटांच्या खाली जाणार असेल तर मारू नका. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि काडतुसाच्या पितळी केसमध्ये जास्त जागा खाते. म्हणून काडतुसं स्वतः भरत असाल तर तिच्यासाठी बंदुकीच्या दारूचं माप तिच्याच मॅन्युअलमधून घ्या, खालच्या मापापासून सुरुवात करा. गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांपासून ०.०५० इंच मागे ठेवून बघा, ग्रुप बहुधा आवळतो. आधी तांब्याच्या कवचातल्या शिशाच्या गोळ्या झाडल्या असतील तर नळीला चिकटलेलं तांबं निघेपर्यंत ती साफ करा.

१०० यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप पुरेसा आहे. ३०० यार्डांवर तो साडेचार इंच होतो आणि एल्कच्या फुप्फुसांचा भाग फूटभराहून मोठा असतो. मात्र तीन गोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दहा झाडा, त्याही थंड नळीतून, दोन-तीन दिवसांत विभागून.

काडतूस भरताना केसची नुसती मान आवळू नका, केस पूर्ण साइझ करा (साच्यातून काढून मापाला आणा) आणि खांदा (मानेखालचा उतार) ०.००२ इंच मागे घ्या. जेमतेम बसणारं काडतूस रेंजवर चालतं. रायफलमध्ये बर्फ आणि माती शिरल्यावर मात्र बोल्ट बंद होत नाही. एकूण लांबी ३.३४ इंचांच्या आत ठेवा, नाहीतर मॅगझिनमध्ये अडकेल. मानेची पकड ढिली असेल तर धक्क्याने मॅगझिनमधल्या गोळ्या मागे सरकतात आणि दाब वाढतो. प्रत्येक काडतूस रेंजवरच, नळी सुरक्षित दिशेला धरून, चेंबरमध्ये घालून बघा. दारू थंडीत वेग न सोडणारी घ्या, उदा. एच४३५०.

हा वाइल्डरनेसचा, म्हणजे संरक्षित रानाचा भाग आहे. चाकाची गाडी, अगदी हातगाडीही चालत नाही. हाडं काढलेलं मांसही ९० किलोच्या आसपास भरतं. दोघेच असाल तर त्या पट्ट्यापलीकडे चापाला बोट लावू नका.

कोलोरॅडोत एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची आणि उमलणारी लागते. अंगावर ५०० चौरस इंच भगवा किंवा गुलाबी फ्लोरोसंट रंग, शिवाय त्याच रंगाची टोपी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हातात आल्याशिवाय बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगू नका. तो अमेरिकेच्या संघीय कायद्यातला गुन्हा आहे. विमानाने जाणार असाल तर बंदुकीची दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. काडतुसं चेक-इनमध्ये, काडतुसांसाठीच्या बंद डबीत. हाताने भरलेली चालतात का, हे त्या विमान कंपनीला आधीच विचारा.

परतल्यावर सॅक उलटी करून प्रत्येक खिसा चाचपा. तीच सॅक पुढे भारतात नेलीत आणि तळाशी एक काडतूस राहिलं असेल, तर मुंबई विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली थेट पोलिसांच्या ताब्यात जाल.