७१०७ चा व्होल्टमीटर: चिप चोख असते, चूक बाहेरच्या भागांत होते

आयसीएल ७१०७ या चाळीस पिनांच्या चिपमध्ये डिजिटल व्होल्टमीटरला लागणारं जवळजवळ सगळं असतं: अॅनलॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, क्लॉक, डिकोडर, एलईडी डिस्प्ले थेट चालवणारे ड्रायव्हर आणि एक अंतर्गत रेफरन्ससुद्धा, म्हणजे तुलनेसाठीचं स्थिर व्होल्टेज. बाहेर जोडायचे ते काही रेझिस्टर, पाच-सहा कपॅसिटर आणि चार डिस्प्ले. तरीही जोडलेले अनेक मीटर नीट चालत नाहीत. आकडे नाचतात, किंवा शून्य बरोबर येऊन वरची टोकं चुकतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. डेटाशीटमधलं २०० मिलिव्होल्टचं सर्किट जसंच्या तसं उचललेलं असतं आणि ग्राउंड, क्लॉक व पुरवठा मात्र आपल्या सोयीने बदललेले असतात. तिथल्या किमती एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक हलवली की दुसरी तपासावीच लागते.

आत काय चालतं ते आधी पाहू, म्हणजे कोणता भाग चांगल्या प्रतीचा हवा आणि कोणता कसाही चालेल हे कळतं. ही ड्युअल स्लोप पद्धत आहे. मोजायचं व्होल्टेज ठरलेल्या १००० काउंटपर्यंत (क्लॉकच्या ठोक्यांपर्यंत) इंटिग्रेटरच्या, म्हणजे बेरीज करत जाणाऱ्या सर्किटच्या, कपॅसिटरवर साठवलं जातं. मग उलट ध्रुवतेचा रेफरन्स लावून तो कपॅसिटर पुन्हा शून्यावर आणला जातो आणि त्याला किती काउंट लागले ते डिस्प्लेवर दिसतं. म्हणून वाचन = १००० × इनपुट ÷ रेफरन्स. चढताना आणि उतरताना रेझिस्टर, कपॅसिटर आणि क्लॉक तेच असल्यामुळे त्यांच्या नेमक्या किमती समीकरणातून उडून जातात. इंटिग्रेटरचा रेझिस्टर पाच टक्क्यांचा असला तरी बिघडत नाही. उडून न जाणाऱ्या गोष्टी तीन: रेफरन्स, गळती आणि कपॅसिटरच्या डायइलेक्ट्रिकने (आतल्या विद्युतरोधक थराने) ‘धरून ठेवलेला’ चार्ज. पैसे खर्च करायचे ते इथे. उरलेल्या वेळात चिप स्वतःचा ऑफसेट (शून्यातली चूक) मोजून वजा करते, यालाच ऑटो-झिरो म्हणतात, त्यामुळे शून्य जुळवण्यासाठी वेगळा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर) लागत नाही.

क्लॉकची नेमकी किंमत वाचनात येत नाही, पण मेन्सचा (घरातल्या विजेचा) गुणगुणाट, म्हणजे हम, गाळण्यासाठी ती लागतेच. ऑसिलेटरची वारंवारता आत चारने भागली जाते, म्हणजे १००० काउंट म्हणजे ऑसिलेटरची ४००० आवर्तनं. हा काळ मेन्सच्या पूर्ण आवर्तनांच्या पटीत बसला तर हम आपोआप शून्य होतो. सगळीकडे दिसणारी १०० के आणि १०० पिकोफॅरडची जोडी ४८ किलोहर्ट्झच्या आसपास जाण्यासाठी आहे. तो काळ ८३.३ मिलिसेकंद, ६० हर्ट्झची बरोबर पाच आवर्तनं. ५० हर्ट्झच्या मेन्सला तो बसत नाही. ४० किलोहर्ट्झ घेतले की काळ १०० मिलिसेकंद होतो, त्यात ५० हर्ट्झची पाच आणि ६० ची सहा आवर्तनं बसतात, दोन्ही भागतात. वारंवारता साधारण ०.४५ ÷ (आर × सी), म्हणून १०० पिकोफॅरडला सुमारे ११२ के हवेत. १०० के आणि १२ के सिरीजमध्ये टाका. रेझिस्टर पिन ३९ व ४० मध्ये, कपॅसिटर ३८ व ४० मध्ये. वाचनं सेकंदाला अडीच मिळतील, डोळ्यांना तेवढी पुरेत.

आता रेंज. २०० मिलिव्होल्टचा मूळ मीटर शंटवरून (करंटच्या वाटेतल्या लहान रेझिस्टरवरून) करंट मोजायला चांगला, पण पहिल्यांदा बनवणाऱ्याने २ व्होल्टचा करावा. कारण सरळ आहे: जमिनीच्या वायरमध्ये एक मिलिव्होल्ट पडला तर २ व्होल्टच्या मीटरवर एक काउंट हलतो, २०० मिलिव्होल्टच्या मीटरवर दहा. २ व्होल्टसाठी पिन २८ ला इंटिग्रेटर रेझिस्टर ४७० के, पिन २९ ला ऑटो-झिरो कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, पिन ३३ व ३४ मध्ये रेफरन्स कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड आणि रेफरन्स १.००० व्होल्ट. २०० मिलिव्होल्टला हेच अनुक्रमे ४७ के, ०.४७, ०.१ आणि १००.० मिलिव्होल्ट होतं. एक बदलून दुसरा तसाच ठेवणं ही नेहमीची चूक.

सगळ्यात जास्त गोंधळ पिन ३२ चा, म्हणजे कॉमनचा. नाव कॉमन असलं तरी ही ग्राउंड नाही. चिप ही पिन धन पुरवठ्यापेक्षा साधारण २.८ व्होल्ट खाली धरून ठेवते आणि अंतर्गत रेफरन्स त्यातूनच काढायचा असतो. मोजायचं व्होल्टेज पुरवठ्यापासून पूर्ण सुटं असेल, तर पिन ३० (इनपुटचं ऋण टोक) कॉमनला जोडा आणि हा रेफरन्स वापरा. पण ज्या पॉवर सप्लायचं व्होल्टेज मोजायचं त्याच्यावरच मीटर चालत असेल, तर पिन ३० ग्राउंडवर जाते. तेव्हा कॉमनही ग्राउंडलाच बांधायचं. कॉमनला खाली ओढणं सोपं आहे, कारण ही पिन बाहेर जेमतेम १० मायक्रोअॅम्पिअर देऊ शकते. मात्र तसं करताच अंतर्गत रेफरन्स संपतो. इथे नेमकं अर्धं काम केलं जातं: कॉमन ग्राउंडला जोडलेलं असतं आणि रेफरन्सचा प्रीसेट अजून धन पुरवठा आणि कॉमनच्या मध्येच लटकलेला असतो. आता तो ५ व्होल्टच्या पुरवठ्याचाच एक तुकडा वाचतो, आणि ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर ७८०५ तापला की मीटर सरकतो.

माझं मत सरळ आहे: ७१०७ ला बाहेरचाच रेफरन्स द्या. एलईडीचा सगळा करंट याच चिपमधून जातो आणि आकड्यानुसार तिचं तापमान बदलतं. १००० ला वीस सेगमेंट पेटतात, ११११ ला फक्त आठ. अंतर्गत रेफरन्सवर एवढ्या फरकानेही शेवटचा आकडा हलू शकतो. एलएम ३८५ या रेफरन्स चिपचा १.२ व्होल्टचा प्रकार घ्या, ५ व्होल्टपासून ३.९ के मधून त्याला साधारण एक मिलिअॅम्पिअर द्या. त्याच्या १.२३५ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत २.२ के, मग १ के चा मल्टिटर्न प्रीसेट, मग १० के. प्रीसेटचा मधला पाय पिन ३६ ला (रेफरन्सचं धन टोक), पिन ३५ (त्याचं ऋण टोक) ग्राउंडला. ही साखळी सुमारे ०.९४ ते १.०३ व्होल्ट देते, म्हणजे फिरवायला जागा आहे आणि एक फेरा म्हणजे मोठी उडीही नाही. दोन्ही पक्के रेझिस्टर मेटल फिल्म, एक टक्क्याचे.

इंटिग्रेटरचा कपॅसिटर पिन २७ ला. त्याची किंमत अंदाजाने ठरवू नका, गणित दोन ओळींचं आहे. २ व्होल्ट भागिले ४७० के म्हणजे ४.२६ मायक्रोअॅम्पिअर. १०० मिलिसेकंदांत ०.२२ मायक्रोफॅरडवर हा करंट १.९ व्होल्ट चढवतो, ०.१ वर ४.२६ व्होल्ट. अँप्लिफायर पुरवठ्याच्या ०.३ व्होल्ट अलीकडेपर्यंत जाऊ शकतो. पूर्ण ±५ व्होल्ट असतील तर ०.१ काठावर चालतो, पण ऋण पुरवठा फक्त ३.३ व्होल्टचा असेल तर साधारण १.४ व्होल्टच्या पुढे एका ध्रुवतेचं वाचन कमी यायला लागतं आणि दुसऱ्या ध्रुवतेचं मात्र अचूक राहतं. हे लक्षण दिसलं की रेफरन्सशी खेळत बसू नका, कपॅसिटर वाढवा. इथे ०.२२ च ठेवा, आणि तो पॉलीप्रॉपिलिनचा. सिरॅमिक डिस्क इथे चालत नाही.

ऋण पुरवठ्यासाठी दोन वाटा. सीडी ४०४९ चे सहाही इन्व्हर्टर समांतर जोडून त्यांना पिन ३८ चा क्लॉक द्यायचा, पुढे ०.०४७ मायक्रोफॅरड, दोन १एन९१४ डायोड आणि १० मायक्रोफॅरड. साधारण उणे ३.३ व्होल्ट मिळतात. ४०४९ चा धन पुरवठा पिन १ ला असतो, १६ ला नाही. सवयीने १६ ला जोडणारे फार. दुसरी वाट आयसीएल ७६६०: पिन २ व ४ मध्ये १० मायक्रोफॅरड, पिन ५ व ग्राउंडमध्ये आणखी १०, जवळजवळ उणे ५ मिळतात. या दुसऱ्या कपॅसिटरचं धन टोक ग्राउंडला जातं, हे बसवताना दोनदा बघा. धन बाजूला मात्र ६ व्होल्टची मर्यादा आहे. ९ व्होल्टची बॅटरी थेट चालते ती एलसीडीच्या ७१०६ ला. ७१०७ तिच्यावर टिकणार नाही.

डिस्प्ले कॉमन अॅनोड हवेत, म्हणजे सगळ्या सेगमेंटची धन टोकं एकत्र असलेले. एफएनडी ५०७ चालेल, ५०० नाही, तो कॉमन कॅथोड आहे. सेगमेंटला वेगळे रेझिस्टर लागत नाहीत, चिप स्वतःच सुमारे ८ मिलिअॅम्पिअरवर करंट बांधते. पण ५ व्होल्टमधून एलईडीचे जेमतेम दोन वजा जाता उरलेलं चिपमध्ये उष्णता होऊन बसतं. सगळ्या अॅनोडच्या सामाईक वायरमध्ये एक १एन४००१ टाकला की त्यातलं काही बाहेर जातं, आणि उजेडात फरक कळत नाही. डावीकडच्या अंकात पिन १९ ला बी आणि सी असे दोन्ही सेगमेंट, आणि पिन २० ला जी, म्हणजे उणे चिन्ह. दशांश चिन्ह चिप चालवत नाही. ते ३३० ओहममधून ग्राउंडला जोडा.

आता ज्यावर खरी अचूकता ठरते ती वायर. सगळे सेगमेंट पेटले तर २४ × ८, म्हणजे सुमारे १९० मिलिअॅम्पिअर पिन २१ मधून ग्राउंडला परततात. व्हेरोबोर्डच्या (तांब्याच्या तयार पट्ट्यांच्या बोर्डाच्या) पट्टीचा किंवा बारीक वायरचा १० मिलिओहमचा तुकडा जर पिन ३० च्या वाटेवर सामाईक असेल, तर तिथे १.९ मिलिव्होल्ट पडतात, आणि तेही आकड्यानुसार बदलत राहतात. मीटर स्वतःचंच वाचन हलवायला लागतो: आकडा बदलला, करंट बदलला, इनपुट बदललं, पुन्हा आकडा बदलला. म्हणून पिन २१ ची जाड वायर थेट पुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरकडे. पिन ३०, ३२, ३५, एलएम ३८५ आणि इनपुटचं ऋण टोक एका वेगळ्या बिंदूवर एकत्र, आणि तिथून एकच वायर पुरवठ्याकडे. पिन १ (धन पुरवठा) आणि २६ (ऋण पुरवठा) पासून पिन २१ ला ०.१ मायक्रोफॅरड, चिपला चिकटून.

चिप सॉकेटमध्येच बसवा. ती घालण्याआधी पिन १ ला अधिक ५ आलेत का ते बघा. ७६६० असेल तर २६ ला उणे पुरवठाही आत्ताच तपासता येतो. ४०४९ ला मात्र चिपचाच क्लॉक लागतो, तेव्हा त्याचा उणे पुरवठा चिप घातल्यावर मोजा. नावात आर हे अक्षर असलेला एक प्रकार उलट्या पिनांचा असतो, तो बोर्डाच्या खालच्या बाजूने बसवण्यासाठी आहे, तेव्हा चिपवरचं नाव नीट वाचा. चिप घातल्यावर पिन ३७ क्षणभर अधिक ५ ला टेकवा, १८८८ दिसलं पाहिजे. एखादा सेगमेंट नसेल तर सोल्डर आत्ताच बघा. मग इनपुट शॉर्ट करा: ००० आणि उणे चिन्ह अधूनमधून लुकलुकणं हे योग्य वर्तन आहे. मग पिन ३१ (इनपुटचं धन टोक) थेट ३६ ला जोडा. रेफरन्स कितीही असो, वाचन १००० किंवा ९९९ यायला हवं. त्याहून दूर गेलं तर इंटिग्रेटरचा कपॅसिटर हलक्या प्रतीचा आहे. त्यानंतर दीड व्होल्टचा सेल दोन्ही बाजूंनी लावून बघा. अधिक आणि उणेमध्ये दोन काउंटहून जास्त फरक आला तर पिन ३३-३४ च्या कपॅसिटरची पट्टी लांब आहे किंवा तो गळतो आहे. हे सगळं जमल्यावरच प्रीसेटला हात लावा, आणि जुळवणी १.९ व्होल्टच्या आसपास, साडेचार अंकी मीटरशी ताडून करा.

इनपुटला पिन ३१ च्या आधी १ मेगओहम आणि तिथून पिन ३० ला ०.०१ मायक्रोफॅरड. हा रेझिस्टर इनपुटचा करंट १०० मायक्रोअॅम्पिअरच्या आत ठेवतो, म्हणून चुकून शंभर व्होल्ट लागले तरी चिप वाचते. २० व्होल्टच्या रेंजसाठी ९ मेग आणि १ मेगचा विभाजक. दोन्ही एक टक्क्याचे आणि विरुद्ध दिशेला चुकलेले असतील तर विभाजन १.८ टक्क्यांनी चुकतं, १२ व्होल्टला एकवीस-बावीस काउंट. एकच रेंज असेल तर प्रीसेट हे गिळून टाकतो. रेंज स्विच असेल तर ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घ्या. मेन्स मात्र यावर मोजू नका. कॉमन पुरवठ्याच्या ग्राउंडला बांधलेलं आहे, सगळा मीटर मेन्सवर चढेल.

बाकी राहतात ते नेहमीचे बिघाड. फक्त डावीकडे १ आणि बाकी अंक कोरे, हे ओव्हररेंजचं चिन्ह. इनपुट शॉर्ट असतानाही ते राहिलं तर पिन ३६ ला रेफरन्स आहे का आणि पिन २६ ला उणे आहे का ते बघा, बहुधा दोन्हीपैकी एक नसतं. आकडा गोठून राहिला तर क्लॉक बंद आहे. साध्या मीटरवर पिन ३८ ला सुमारे २.५ व्होल्ट दिसले तर तो चालू असतो, ० किंवा ५ दिसले तर नाही. प्रोब ३९ किंवा ४० ला लावू नका, त्याच्या कपॅसिटन्सनेच वारंवारता ढळते. आणि दमट दिवशी वाचन सरकत असेल तर कारण सोल्डरिंगचा बोर्डवर उरलेला फ्लक्स. १ मेगओहमच्या वाटेवर एक नॅनोअॅम्पिअर गळला की एक काउंट गेला. पिन २७ ते ३६ च्या भोवतालचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुऊन पूर्ण सुकू द्या, मगच पुन्हा जुळवणी करा.