ड्रममधलं उरलेलं पाणी: पंप ठीक, संशय इनलेट व्हॉल्व्हवर

मंडळी, सिडकोतल्या काकूंच्या फ्रंट लोड मशिनचं काम कुठवर आलं ते लिहिते. तक्रार अशी होती: संध्याकाळी कपडे काढून दार लोटून ठेवलं की सकाळी ड्रमच्या तळाशी तांब्याभर पाणी. मेकॅनिकने पंप बदलायला सांगितला होता आणि काकू तयारही होत्या. मी त्यांना थांबवलं, कारण ते पाणी नितळ होतं. फेस नाही, वास नाही, साबणाचा बुळबुळीतपणा नाही.

मशिनमध्ये पाणी तीन वाटांनी सापडतं. एक तर ते बाहेर गेलेलंच नसतं, नाही तर जाऊन परत आलेलं असतं, नाही तर मशिन बंद झाल्यावर नव्याने आत आलेलं असतं. पंपाचा संबंध फक्त पहिल्या वाटेशी. म्हणून मी आधी एकच गोष्ट विचारते: कपडे काढले त्या क्षणी पाणी होतं का? काकू म्हणाल्या, "नाही गं, तेव्हा ड्रम कोरडा असतो. सकाळीच दिसतं."

तरीही पंप तपासला, कारण शंका ठेवून पुढे जाणं मला आवडत नाही. प्लग काढला, खालचं झाकण उघडून छोट्या नळीने पाणी परातीत घेतलं, मग फिल्टर फिरवून काढला. आत एक सेफ्टी पिन आणि थोडे केस, बाकी काही नाही. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं छोटं चाक, बोटाने फिरवला तर अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरला. तो तसाच फिरायला हवा, कारण आत चुंबकाचा रोटर असतो. हा अडखळणारा स्पर्श पुष्कळांना बिघाड वाटतो आणि चांगले पंप भंगारात जातात. मल्टीमीटरवर पंपाच्या कॉइलचा रोध १६८ ओहम. २३० व्होल्टच्या अशा चुंबकी रोटरच्या साध्या (सिंक्रोनस) पंपाला साधारण १५० ते २०० ओहम चालतात. शेवटी ड्रेन पाइपचं तोंड बादलीत धरून पाणी सोडलं. दहा लिटरची बादली मिनिटाच्या आत भरली.

पंपच दोषी असेल तर चित्र वेगळं असतं. दिंडोरी रोडवरच्या एका घरी मालक द्राक्षबागेतून आले की कपडे तसेच मशिनमध्ये जायचे. तिथे काड्या बांधायच्या सुतळीचा तुकडा इम्पेलरला गुंडाळलेला निघाला. पंप घुंऽऽ करत होता, पाणी मात्र हलत नव्हतं आणि ते गढूळ होतं.

दुसऱ्या वाटेचा हिशोब सोपा आहे. ड्रेन पाइपचा आतला व्यास दोन सेंटिमीटर धरला तर एक मीटर पाइपात सुमारे ३०० मिली पाणी मावतं. पंप थांबला की चढत्या भागातलं पाणी मागे फिरतं आणि ड्रमच्या खालच्या खोलगट भागात बसतं. फिल्टर उघडल्यावर मगभर पाणी सांडतं ते बहुतेक हेच, त्याची काळजी करू नका. पण ते एवढं थोडं असतं की ड्रमपर्यंत चढत नाही. ड्रमच्या भोकांतून तांब्याभर दिसतं, म्हणजे खाली टबमध्ये, ड्रमभोवतीच्या बाहेरच्या भांड्यात, त्याच्या कितीतरी पट साठलेलं असतं. काकूंकडे मोजलं तर जवळजवळ तीन लिटर भरलं.

मग रात्रीची चाचणी केली. आधी अँगल कॉक (मशिनच्या नळीचा भिंतीवरचा नळ) बंद ठेवून मशिन तसंच सोडलं, सकाळी ड्रम कोरडा. दुसऱ्या रात्री कॉक उघडा, प्लग काढलेला. सकाळी पाणी हजर! वीज नसताना पाणी आलं, म्हणजे मशिन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि पाण्याची पातळी मोजणारा लेव्हल सेन्सर दोन्ही सुटले. उरला इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे नळाचं पाणी मशिनमध्ये सोडणारी झडप. २० थेंबांचा एक मिली धरला तर सेकंदाला दोन थेंब आठ तासांत जवळपास तीन लिटर होतात. इतकी बारीक गळती कानाला ऐकूच येत नाही.

व्हॉल्व्हच्या तोंडची जाळी चिमट्याने ओढून काढली. तिच्यात बारीक वाळू आणि प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचे धागे. जाळी धुतली, व्हॉल्व्ह काढून उलट्या दिशेने पाणी सोडलं, परत बसवला. गळती रात्रीला पाव लिटरवर आली, पण थांबली नाही.

इथे मला खरी गंमत वाटली. हा व्हॉल्व्ह आतल्या स्प्रिंगच्या जोरावर बंद राहत नाही. रबरी पडद्याला एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी पडद्याच्या मागे जातं आणि नळाचा दाबच पडद्याला जागेवर दाबून धरतो. व्हॉल्व्हची कॉइल वीज मिळाली की फक्त पडद्याच्या मधलं छिद्र उघडते. म्हणजे दाब जितका कमी, तितकी पकड ढिली. बऱ्याच मशिनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.३ बार दिलेला असतो. काकूंचा फ्लॅट सगळ्यात वर, गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खाली. मोजायची टेप लावून पाहिलं: टाकी भरलेली असताना पाण्याची पातळी व्हॉल्व्हच्या साडेतीन मीटर वर, तळाला गेली की अडीच. दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे ०.३५ ते ०.२५. तळमजल्यावर हाच व्हॉल्व्ह कदाचित एक थेंबही सोडणार नाही.

पडद्याच्या कडेला नखाला लागेल एवढी चीरही आहे, त्यामुळे नवा व्हॉल्व्ह आणायचा ठरवलं आहे. दोन तोंडांचा आहे की एका, आणि नळीचं तोंड सरळ की काटकोनात, हे बघायला जुना सोबत नेणार. तोवर काकू धुणं झालं की कॉक बंद करतात.

नवा बसवला की दोनदा मोजायचं आहे, एकदा टाकी भरलेली असताना आणि एकदा तळाला गेल्यावर. दुसऱ्या वेळीही पाणी आलं, तर दोष व्हॉल्व्हचा नसून उंचीचा आहे आणि पाण्याचा दाब वाढवणारा छोटा प्रेशर पंप लावावा लागेल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणी असा पंप मशिनपुरता लावला असेल, तर आधीची आणि नंतरची गळती मोजून कळवा.