हार्ट नाही म्हणाले होते

भाच्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री सावजी रस्सा जरा जास्तच झाला. दीडला उलट्या सुरू झाल्या. पाहुणे झोपलेले, म्हणून चौथी उलटी मी तोंड दाबून आवरली, अन् छातीत टर्रकन काहीतरी फाटलं. कळ पाठीपर्यंत. बायको म्हणाली, "अहो, हा अटॅकच आहे."

जवळच्या दवाखान्यात ईसीजी ठीक, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) ठीक. "हार्ट नाही, अ‍ॅसिडिटी." इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सकाळी गळ्याला हात लावला तर कातडीखाली मुरमुरे दाबल्यासारखी चरचर. मला गंमत वाटली, धंतोलीतल्या डॉक्टरांना नाही वाटली. त्यांनी औषध पाजून लगेच सीटी काढला. अन्ननलिका खालच्या टोकाला, डावीकडे फाटली होती आणि तिथूनच हवा गळ्यापर्यंत चढली होती. उलटीच्या दाबाने होणाऱ्या या प्रकाराला बोरहाव्ह सिंड्रोम म्हणतात. त्या नावाच्या डच डॉक्टरांनी १७२४ साली हे लिहून ठेवलं, एका दर्यासारंगाचं शव तपासल्यावर. तोही भरपेट जेवलेला. (हे मला नंतर कळलं, बरं झालं.)

ऑपरेशन झालं, छाती धुतली, नळ्या टाकल्या. पाण्याचा थेंबही बंद. अन्न थेट आतड्यात, नळीने.

तिसऱ्या रात्री मॉनिटर ओरडायला लागला. ठोके १५०, तेही वेडेवाकडे. एट्रियल फिब्रिलेशन. मी म्हटलं, हार्ट नाही म्हणाले होते ना? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं: अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी खेटून जाते. फाटीतून सांडलेलं अन्न, अ‍ॅसिड, जंतू. शेजारी जळत असताना तो कप्पा शांत कसा राहील? अमिओडारोनच्या ड्रिपवर सकाळपर्यंत ठोके जागेवर आले. अशा ठोक्यांत गुठळी होऊ नये म्हणून देतात ते रक्त पातळ करायचं औषध मात्र ताज्या टाक्यांमुळे जपून, मागाहून.

खरी भीती आठव्या दिवशी. दम लागला, बीपी खाली, मानेच्या शिरा फुगलेल्या. इकोत दिसलं, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचून हृदयच दाबलं जातंय. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन बरगडीखालून सुई घातली. गढूळ पाणी निघत गेलं आणि मला श्वास मिळत गेला. ते तपासायला पाठवलं, अँटिबायोटिक बदललं.

बाविसाव्या दिवशी रंगीत औषध गिळवून एक्स-रे काढले, कुठे गळत नाही पाहिलं, मग दोन चमचे पाणी. बायकोने विचारलं, "कसं लागलं?" म्हटलं, "अळणी."

आता विम्याच्या फॉर्मवर 'हृदयविकार आहे का?' हा रकाना आला की मी पेन तिच्या हातात देतो.