लाखाचा कन्व्हर्टर आणि दहा बाय दहाची खोली

आधी उत्तर सांगून टाकतो म्हणजे घाई असलेले जेवायला मोकळे. घरी हौसेनं रेकॉर्डिंग करत असाल तर लाख-दीड लाखाचा कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे कॉम्प्युटरसाठी आकडे करणारा डबा, घेऊ नका. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढं वाचा, कारण हे सांगायला लागलं की मी लवकर थांबत नाही, घरचे वैतागतात.

विषय निघाला तो आमच्या ओळखीतल्या एका पोरामुळं. भजनी मंडळात गातो, गळा खरंच गोड आहे, घरातल्या मागच्या खोलीत अभंग रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. म्हणाला, "दादा, रेकॉर्डिंगमधी टाळ लई टोचतो बघा. पुण्यातला एकजण म्हणला कन्व्हर्टर बदल, सगळं गुळगुळीत होतंय. दीड लाखाचाय. घेऊ का?" मी म्हणलं, थांब बे, आधी तुझी खोली बघू दे.

कन्व्हर्टर म्हणजे काय ते दोन ओळीत. माइकमधून जी वीज येते तिचे आकडे करायचे आणि कॉम्प्युटरमधल्या आकड्यांची परत वीज करून हेडफोनला द्यायची, एवढंच त्याचं काम. आपण ज्याला साउंड कार्ड म्हणतो त्या १५-२० हजाराच्या डबीत हे दोन्ही असतात, शिवाय माइकची बारीक वीज वाढवणारा प्रीॲम्प, माइकला पुरवायची ४८ व्होल्टची फँटम पॉवर आणि हेडफोनचा ॲम्प. महागड्या दुनियेत हे सगळं वेगवेगळ्या डब्यांत मिळतं आणि प्रत्येक डब्याचं बिल वेगळं.

आता महागड्या कन्व्हर्टरचा खरंच किती उपयोग होतो त्याचा हिशोब करू. सोलापुरात एप्रिलमध्ये रेकॉर्डिंग करायचं म्हणजे पारा ४२ च्या पुढं, पंखा बंद केला की गाणारा घामानं निथळतो, चालू ठेवला तर खोलीत ४५-५० डेसिबलचा घरघराट. पहाटे उठून, पंखा बंद, खिडक्या बंद, तरी ३०-३५ डेसिबल राहतातच, कुठंतरी बोअरची मोटर चालू असते, पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमाग सुरू झाले की संपलंच. माइकपासून वीतभर अंतरावर कुणी तार सप्तकात लावून गायलं तर माइकजवळ मोठ्यात मोठा आवाज पकडा ११० डेसिबल. म्हणजे मोठ्यात मोठा आवाज आणि खोलीचा गोंगाट यांच्यामध्ये तुमच्या हाताशी खरी जागा किती, ११० वजा ३५, पंचाहत्तर डेसिबल. सीडीवर आवाजाचा प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे शून्य-एकच्या १६ घरांचा असतो, तो ९६ डेसिबलची जागा देतो. साध्या साउंड कार्डात २४ बिट असतं, कागदावर १४४, पण वस्तूंमध्ये उष्णतेमुळं होणारा गोंगाट असतोच त्यामुळं तिथवर कुणीच पोचत नाही, साधं कार्ड १०५-११० च्या आसपास आणि उत्तम म्हणतात ते १२० च्या थोडं पुढं. तो दीड लाख द्यायचा तो या वरच्या १०-१५ डेसिबलसाठी, आणि ते १०-१५ डेसिबल कुठं आहेत, तर तुमच्या बोअरच्या मोटरच्या कितीतरी खाली गाडलेले. कुणाला ऐकू येणारेत?

मग महाग कन्व्हर्टरनं आवाज गुळगुळीत होतो ही समजूत आली कुठनं? माझं मत असं की तिला एकेकाळी अर्थ होता. सोनीनं ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला सीडी प्लेअर विकायला काढला, तेव्हा २० हजार हर्ट्झच्या वरचं, म्हणजे कानाला ऐकू न येणारं, सगळं एकदम कापायला भिंतीसारखे उभे ॲनालॉग फिल्टर लावावे लागायचे, आणि असे फिल्टर बनवणं अवघड आणि खर्चाचं, वरच्या पट्टीत ते गडबड करायचे. फिलिप्सनं त्याच काळात वेगळी वाट धरली, चिप १४ बिटचीच पण ४ पट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे आवाजाचे नमुने गणितानं चौपट वाढवून, बहुतेक काम आकड्यांतच उरकलं. पुढं सगळे त्याच वाटेनं गेले. आता ते फिल्टर चिपच्या आतच गणितानं होतात, फुकटात म्हणा ना. पण 'डिजिटल टोचतं, चांगला कन्व्हर्टर पाहिजे' हे वाक्य मात्र तेव्हापासून चालत आलंय, फिल्टर गेले तरी वाक्य गेलं नाही.

(जाता जाता, सीडीसाठी सेकंदाला आवाजाचे ४४.१ हजार नमुने घेतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, हा विचित्र आकडा कुठनं आला माहितीय? सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरायचे. टीव्हीच्या चित्राच्या एका रेषेत ३ नमुने, एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, वापरायच्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड. गुणून बघा. युरोपातल्या टीव्हीच्या हिशोबानं २९४ गुणिले ५० गुणिले ३ केलं तरी तेवढेच येतात. मला हे कळलं तेव्हा भलताच आनंद झाला होता, उपयोग काही नाही.)

दुसरी गोष्ट, चिप कोण बनवतं. जगभरच्या ऑडिओ कंपन्यांची चिपची दुकानं मोजकीच, जपानची एकेएम, अमेरिकेतल्या ईएसएस आणि सिरस लॉजिक, अजून एखाददुसरी. ऑक्टोबर २०२० मध्ये एकेएमच्या नोबेओका इथल्या कारखान्याला आग लागली आणि तीन दिवस धुमसत राहिली. मग काय झालं, स्वस्त डब्यावालेही अडकले आणि महागडे डब्यावालेही, चिपांचे भाव चढले, कित्येकांना आपले सर्किट दुसऱ्या चिपवर नव्यानं बसवावे लागले. एकाच कारखान्याच्या आगीत दोघंही होरपळतात म्हणजे दोघं माल कुठनं घेत होते ते सांगायला नको. महागड्या डब्यात पॉवर सप्लाय चांगला असतो, क्लॉक, म्हणजे नमुने कधी घ्यायचे ते ठरवणारं घड्याळ, चांगलं असतं, कॅबिनेट जाड असतं, हे मान्य. पण फरकाचा बराच पैसा त्या कॅबिनेटात, कमी नग विकण्यात आणि नावात जातो.

"पण मला फरक ऐकू येतोय की" असं म्हणणारे भेटतात. ऐकू येत असेल, नाही म्हणत नाही, फक्त एक करा, दोन्ही डब्यांचा आवाज मोजून सारखा करा, ०.१ डेसिबलच्या आत, आणि कुठला चालूय ते स्वतःला कळू देऊ नका. थोडा मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो, दुकानदारांना हे आपल्याआधीपासून माहितीय. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला होता. हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईनं आवाज साठवलेली डिस्क वाजवायची आणि मध्येच तो आवाज १६ बिट ४४.१ च्या कन्व्हर्टरमधून फिरवून आणायचा, ऐकणाऱ्यानं ओळखायचं कधी फिरवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. २०१६ मध्ये राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, त्यात बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, म्हणजे थोडा का होईना फरक सापडला आणि कान तयार केलेल्या लोकांत जास्त सापडला. बरं. शंभरात दोन वेळा जास्त ओळखण्यासाठी दीड लाख द्यायचे का ते आपापलं बघा, आणि हे प्रयोगसुद्धा हाय-रिझोल्यूशन विरुद्ध साधं असे होते, महाग डबा विरुद्ध स्वस्त डबा असे नव्हेच.

दुसऱ्याचे प्रयोग नको असतील तर घरी करा. साउंड कार्डाचं आउटपुट केबलनं त्याच्याच इनपुटला जोडा. ओळखीचं गाणं वाजवत रेकॉर्ड करा, मग ते रेकॉर्ड झालेलं परत वाजवून परत रेकॉर्ड करा, असं पाच-सहा फेऱ्या. आवाज मूळ गाण्याएवढा जुळवा, आणि फूबार२००० या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एबीएक्सचं, म्हणजे नाव न दाखवता आवाज ओळखायला लावणारं, जोडसॉफ्टवेअर फुकट मिळतं त्यात मूळ आणि शेवटची फेरी टाकून ओळखता येतंय का बघा. पाच-सहा वेळा कन्व्हर्टरमधून गेल्यावरही फरक ओळखताना घाम फुटत असेल, तर एका वेळच्या फरकाची काळजी कशाला करायची.

सेकंदाला १९२ हजार नमुने, म्हणजे १९२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करण्याचंही तेच. २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर एका माइकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात, १९२ ला ३४.५६. आठ ट्रॅकचं भजन रेकॉर्ड करा आणि हार्ड डिस्क बघत बसा. ४८ वर ठेवा, आवाजाचा सगळ्यात वरचा टोकदार क्षण मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल असा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचा खटका, लावा, बास.

तर त्या पोराची खोली. दहा बाय दहा, खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, भिंतींना ऑइल पेंट, एका बाजूला लोखंडी कपाट. यात टाळ वाजवला तर टोचणार नाही तर काय करणार! टाळाचा आवाज सगळा वरच्या पट्टीत, फरशीवरनं, स्लॅबवरनं, कपाटावरनं उसळून पाच-सहा मिलिसेकंदात परत माइकमध्ये. त्यात माइक स्वस्तातला कंडेन्सर, म्हणजे फँटम पॉवरवर चालणारा नाजूक कानाचा, आणि या माइकांना ८-१० हजार हर्ट्झजवळ मुद्दाम फुगवटा दिलेला असतो म्हणजे दुकानात ऐकताना 'क्लिअर' वाटावं. आणि टाळवाला माइकच्या बरोबर समोर बसलेला! कन्व्हर्टर बिचारा जे आलं ते इमानेइतबारे लिहून घेतोय. शेंगाच खवट असतील तर चटणी कुटायला नवा उखळ आणून चव बदलत नाही.

डग्ग्याचं दुखणं वेगळं. दहा फुटाच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लाट अडकते ती साधारण ५६ हर्ट्झला आणि तिच्या दुपटीला, ११२ ला. खोली चौकोनी, लांबी-रुंदी सारखी, म्हणजे दोन्ही बाजूंनी तेच आकडे एकावर एक चढतात. डग्ग्याचा घुमारा साधारण त्याच भागात, मग एक बोल घुमतो आणि दुसरा गायब. लोक याला 'बेस मडी आहे, म्हणजे खालचा आवाज गढूळ येतोय, कन्व्हर्टर बदला' म्हणतात.

उपाय काय केला तर आपल्याकडं काय कमी आहे, चादरी! जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून भिंतीपासून तीन-चार इंच पुढं दोरीवर टांगल्या, भिंतीला चिकटवून नाही, कारण हजार हर्ट्झच्या लाटेचा पाव भाग साडेआठ सेंटीमीटर होतो, अंतर ठेवलं की चादर तिथपर्यंत काम करते. फरशीवर सतरंजी आणि गोधडी. कपाटाला पण चादर. टाळवाल्याला दाराबाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं, तो जरा फुगला, पण बसला. माइक तोंडासमोरून काढून किंचित वर आणि तिरका. डग्ग्याला मात्र चादरीनं काही होत नाही हे स्पष्ट सांगतो, १०० हर्ट्झच्या लाटेचा पाव भाग ८५ सेंटीमीटर, तेवढी जाडी आणायची कुठनं, तिथं तबलजीला खोलीच्या मध्यातनं हलवून वेगवेगळ्या जागा ऐकून बघणं हाच मार्ग. कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या केल्या तर थोडी मदत होते.

टाळ टोचायचा थांबला. खर्च, दोरी आणि खिळे. पोराच्या आईनं चादरी मोजून दिल्या होत्या आणि मोजून परत मागितल्या, तो भाग वेगळा.

मग पैसे घालायचे कुठं? माझा क्रम असा. पहिले माइक, मोठ्या डायफ्रामचा, म्हणजे मोठ्या पडद्याचा शांत कंडेन्सर, रोड कंपनीच्या एनटी१ सारख्याचा स्वतःचा गोंगाट ४-५ डेसिबल असतो, आपल्या खोल्यांना तो पुरून उरतो. मग एक विश्वासाचा हेडफोन. मग घरातलं अर्थिंग, हसू नका, आपल्याकडं कित्येक घरांत तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकाला वायरच नसते, आणि मग लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमध्ये गुंईऽऽ. इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर लॅपटॉप बॅटरीवर चालवून रेकॉर्ड करा, लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर मुळीच नको.

महाग घेणारे सगळे वेडे असं मी म्हणत नाहीये. सोळा-चोवीस माइक एकदम लावायचेत, दोन-तीन यंत्रं एकाच क्लॉकवर चालवायचीत, रोज गिऱ्हाईक दारात उभं आहे, तर आरएमईसारख्या कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना पैसे द्यावेत, त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, जुन्या मॉडेललाही वर्षानुवर्षं मिळत राहतात आणि कमी बफरवर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज थोडा वेळ धरून ठेवतो तो साठा लहान ठेवला तरी, तडतड होत नाही. १२८ नमुन्यांचा बफर ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेला २.७ मिलिसेकंद, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागनं येतोय असं वाटत नाही. स्वस्त कार्डं हरतात ती इथं, आणि प्रीॲम्पमध्ये, डायनॅमिक माइकवर कुणी हळू गात असेल तर ६० डेसिबल गेन लागतो आणि स्वस्तातलं सुंऽऽ करायला लागतं. हा दोष प्रीॲम्पचा असतो, शिव्या मात्र कन्व्हर्टरला बसतात. आणि पैसा आहे, टेबलावर सुंदर वस्तू पाहिजे, घ्या की, लोक घड्याळं घेतात तसं. फक्त टाळ मऊ होईल म्हणून घेऊ नका.

सेकंडहँडचा विचार करत असाल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन समोर लॅपटॉपला लावून बघूनच आणा, कुरिअरनं मागवू नका. फायरवायर या जुन्या जोडणीवालं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी नको, आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं आणि अडॉप्टरांची साखळी जोडत बसावं लागतं. जाताना स्वतःचा माइक आणि केबल न्या, दोन्ही चॅनलची फँटम पॉवर चालू करून बघा, गेनचा खटका पूर्ण फिरवून खरखर येतेय का ऐका, हेडफोनचं भोक सैल झालंय का बघा, आणि कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का हे गाडीत बसायच्या आधी तपासा.