खड्ड्यात कोणी उतरणार नाही, हे आधी ठरलं

सासूबाईंना जिना झेपेना, तेव्हा त्यांच्यासाठी तळमजल्यावर संडास-बाथरूम करायचं ठरलं. आमचं घर बडोद्यात, अकोट्याला. बांधकाम जुनं, आणि डांबराचे थर चढत चढत रस्ता आता आमच्या जोत्याच्याही वर गेलाय. त्यामुळे खालचं पाणी उताराने रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. ते मागच्या अंगणातल्या खड्ड्यात गोळा करून पंपाने वर चढवायचं, एवढाच मार्ग उरला.

प्लंबरभाईंनी जागा बघितली आणि निर्धास्तपणे म्हणाले, "चिंता ना करो बेन, पंप अटकशे तो छोकरो उतरीने काढी आपशे." छोकरो म्हणजे त्यांच्याबरोबर आलेला, जेमतेम विशीचा मुलगा. मी तिथेच काम थांबवलं.

जून 2019 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, डभोईजवळच्या फर्तीकुई गावात, एका हॉटेलच्या मैल्याच्या टाकीत सात माणसं गेली. आधी एकजण उतरला. तो ओ देईना म्हणून त्याला बघायला बाकीचे उतरले. त्यांत सफाई कामगार होते, तसे हॉटेलात काम करणारेही होते. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे "आता वास नाही, उतरायला हरकत नाही" हा अंदाज जिवावर बेतू शकतो. शिवाय मिथेन असतो, तो पेट घेतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी त्या मुलाला उतरू दिलं नसतं.

मग प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर ठरवत गेलो: बिघाड झाला तर वरून, उभ्या उभ्या दुरुस्त करता येईल का?

पंप साधा पाणी उपसायचा नको, सीवेजचाच हवा. ज्यातून मैल्याचे गोळे न अडकता जातात तो. पाइपही त्याच हिशेबाने, दोन इंचाचा. पंपाच्या कडीला स्टेनलेस स्टीलची साखळी अडकवली आणि तिचं दुसरं टोक झाकणाखालच्या हुकात ठेवलं. पंप केबलला धरून कधीच उचलायचा नाही. केबलचं सील सैल होतं, आत पाणी शिरतं आणि करंट उतरतो. पाइपाला खड्ड्याच्या तोंडापासून हाताच्या अंतरावर युनियन बसवून घेतली. ती फिरवली की पाइप सुटतो आणि साखळीने पंप वर येतो. प्लंबरभाईंना हा खर्च आधी फुकटचा वाटला. पण त्यांनी स्वतःच पंप एकदा वर ओढून पाहिला, आणि त्या मुलाला बोलावून "जो, आम करवानुं" म्हणून दाखवलंसुद्धा. मला फार बरं वाटलं.

पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणाऱ्या फ्लोट स्विचला झुलायला मोकळी जागा लागते. तो भिंतीला किंवा पाइपाला अडकला तर पंप सुरूच होत नाही, नाहीतर बंदच होत नाही आणि कोरडा चालून जळतो. त्याच्या वरच्या पातळीला दुसरा फ्लोट लावलाय, पाणी तिथवर चढलं की त्याचा बझर सासूबाईंच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात वाजतो. झाकण रबरी पट्टी घालून बोल्टने घट्ट केलंय, आणि आतला वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप गच्चीच्या वर नेलाय, कुठल्याही खिडकीपासून लांब.

विजेच्या बाबतीत मी कुणाचंच "चालशे" ऐकलं नाही. पंपाला बोर्डापासून स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी (जादा करंट झाला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. खड्ड्यात केबलला एकही जोड नाही. पंपाला हात लावण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडायचा आणि बोर्डाचं दार कुलूपबंद करायचं. नाहीतर घरातलं कोणीतरी "अरे, हे बंद का?" म्हणून चालू करतं. आणि बोर्ड आम्ही खाली ठेवलाच नाही, जिन्याच्या वरच्या वळणावर नेला.

त्याला कारण बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री नदी. ऑगस्ट 2024 च्या पुरात ती 35 फुटांच्याही वर गेली होती. नदी फुगली की गटारं तुंबतात आणि बाहेरचं पाणी पाइपातून घरात उलटं फिरतं. म्हणून पंपाच्या वर आधी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, त्याच्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना हे स्वतः बघून, आणि पुढे हाताने बंद करायचा गेट व्हॉल्व्ह. पण चेंबरच भरलेलं असेल तर पंप तरी पाणी कुठे टाकणार? तेव्हा गेट व्हॉल्व्ह बंद, पंपाची लाइन बंद आणि खालचा संडास बंद. तेवढे दिवस सासूबाईंना खुर्चीवर बसवून दोघांनी वर न्यायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. दिवे गेल्यावरही खाली फ्लश करायचा नाही. आमच्या इन्व्हर्टरवर ही मोटर उचलत नाही.

सासूबाईंच्या संडासात झाकणाचा डबा ठेवलाय. वाइप्स, कापूस, डायपर त्यातच. पंप अडकतो तो बहुतेक अशा चिंध्यांनीच. महिन्यातून एकदा मी बादल्यांनी पाणी ओतून पंप सुरू होतो ना, वेळेवर थांबतो ना ते बघते आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबते. तळाशी गाळ साचला की सक्शनची गाडी बोलवायची, नळी वरून सोडायची. त्या माणसांपैकी कोणी आत वाकायला लागलं तर त्यांना मागे ओढायचं, हे मी मुलालाही शिकवलंय.