अंगठी परत दुकानात

भांडी घासताना मला रडकी गाणी लागतात. आनंदी गाणं लावलं की हात भराभर चालतात आणि कढईचा तळ तसाच राहतो. अमेरिकेतलं कंट्री संगीत या कामाला उत्तम. शब्दन् शब्द ऐकू येतो, मागे स्टील गिटार गळा दाटल्यासारखी घसरत असते आणि तीन मिनिटांत अख्खा संसार मांडून मोडूनही होतो.

सध्या मुक्काम जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या गायक-गायिकेकडे. टॅमी मिसिसिपीची, लहानपणी आजोबांच्या शेतात कापूस वेचलेली. गाण्यात येण्याआधी पार्लरमध्ये बायकांचे केस सेट करायची. 1968 साली निर्माता बिली शेरिल आणि तिनं मिळून ‘स्टँड बाय युअर मॅन’ लिहिलं, तेही म्हणे पाव तासात. नवरा कसाही वागो, तू त्याच्या पाठीशी उभी राहा, असा सल्ला. वटपौर्णिमेला वाजवावं असं गाणं. पण त्याच वर्षी तिचं स्वतःचं दुसरं लग्न मोडत होतं आणि पुढे आणखी तीन व्हायची होती.

त्याच वर्षी तिचं घटस्फोटावरचं गाणंही गाजलं. पोराला कळू नये म्हणून आई त्यात तो शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारते. (आमच्या घरी हीच युक्ती आइस्क्रीमसाठी होती. आठवडाभरात आम्हाला स्पेलिंग पाठ.)

एवढं नाव झाल्यावरही टॅमी पार्लरचं लायसन्स दरवर्षी न चुकता रिन्यू करायची. गाणं चालेनासं झालं तर पोट कसं भरायचं, म्हणून. मला तिच्या सगळ्या गाण्यांपेक्षा हे लायसन्स आवडतं.

जॉर्ज मात्र प्यायला बसला की उठायचा नाही. कार्यक्रमाला न उगवण्यात त्याची इतकी ख्याती, की लोक त्याला ‘नो शो जोन्स’ म्हणत. टेक्सासला असताना त्याच्या दुसऱ्या बायकोनं गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या, तर हा गवत कापायच्या यंत्रावर बसून आठ मैलांवरच्या दारूच्या दुकानाकडे निघाला. ही हकिकत त्यानंच सांगितलीय. मी अडकते ती त्या वेगापाशी. ताशी पाचेक मैल, म्हणजे दीड तास! एवढ्या वेळात माझं तर भाजी आणायचंही मन बदलतं.

या दोघांनी 1969 मध्ये लग्न केलं. 1975 मध्ये घटस्फोट. आणि 1976 मध्ये दोघांचं ‘गोल्डन रिंग’ पहिल्या नंबरावर! गहाणवटीच्या दुकानातली एक अंगठी, ती विकत घेणारं गरीब जोडपं, लग्न, भांडण आणि अंगठी परत दुकानात. आपल्याकडे घटस्फोटानंतर माणसं एकमेकांच्या गल्लीतून जात नाहीत, हे दोघे एका गाण्यात दोन कडव्यांइतके जवळ उभे.

मग 1980 चं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’. मरेपर्यंत प्रेम करेन म्हणणारा माणूस आज प्रेम करायचा थांबला, कारण आज तो गेला. असलं मरणाचं गाणं कोण विकत घेणार, म्हणून जॉर्ज कुरकुरत होता. ते त्याचं सगळ्यात मोठं गाणं ठरलं. हे टॅमीसाठीच, असं कित्येक श्रोत्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मीही त्यातलीच, कढई हातात धरून डोळे पुसलेली.

परवा कुतूहल म्हणून गीतकारांची नावं बघितली. घटस्फोटाचं गाणं, अंगठीचं गाणं, मरणाचं गाणं, तिन्हींत एक नाव सारखं: बॉबी ब्रॅडॉक. सोबतीला कधी कर्ली पुटमन, कधी रेफ व्हॅन हॉय. ज्यांचा संसार समजून मी रडत होते, ते शब्द तिसऱ्याच माणसानं नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरी, नेहमीचं काम म्हणून लिहिलेले. क्षणभर फसवल्यासारखं वाटलं.

1995 मध्ये जॉर्ज आणि टॅमीनं पुन्हा एक अल्बम केला. तेव्हा त्याची चौथी बायको होती, तिचा पाचवा नवरा. अल्बमचं नाव ‘वन’, म्हणजे एक. तोही लावला. कढई अजून भिजतेय.