जांभळी पग्स्ली पुन्हा बर्फात

नोव्हेंबरात सायकल हिवाळ्यासाठी तयार करायला घेतली आणि सीटचा दांडा हलेना. सीट अर्धा इंच वर घ्यायची, एवढंच काम होतं. क्लॅम्पचा बोल्ट सोडला, सीट दोन्ही हातांनी धरून पिळली, तर अख्खी सायकलच माझ्याबरोबर फिरली. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, फ्रेम पोलादाची, आणि मधल्या फटीत अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकतात ते, कित्येक हिवाळ्यांचं मीठ. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम फुगतं आणि पोलादाला धरून बसतं. दर वर्षी दांडा काढून ग्रीस लावायला हवं होतं. मी लावलं नव्हतं.

सायकल म्हणजे सर्ली कंपनीची पग्स्ली, सुरुवातीच्या जांभळ्या रंगातली. २००५ साली ती आली. त्याआधी अलास्कात बर्फावरच्या शर्यतींसाठी लोक दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाकं बनवत होते, न्यू मेक्सिकोत वाळूसाठीही असेच प्रयोग चालले होते. पण ते सगळं हाताने, दोन-चार माणसांपुरतं. फ्रेम, ६५ मिलिमीटर रुंदीची रिम आणि तिच्यावरचा ३.७ इंचांचा टायर असं सगळं गल्लीतल्या दुकानातून मागवता येऊ लागलं ते पग्स्लीपासून. आणि कंपनी आमच्या शेजारच्याच ब्लूमिंग्टनची. मी माझी २०११ मध्ये जुनी घेतली. मालक ॲरिझोनाला चालला होता, त्याला तिथे बर्फाची सायकल नको होती.

आता ही सायकल बनत नाही. आताच्या फॅटबाइकच्या, म्हणजे जाड टायरांच्या सायकलींच्या, मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबची रुंदी साधारण १९७ मिलिमीटर असते, टायर साडेचार-पाच इंचांचे. पग्स्लीचा मागचा हब १३५ चा, म्हणजे त्या काळच्या साध्या माउंटन बाइकचा. एवढ्या अरुंद हबवर जाड टायर बसवला तर चेन टायरला घासणार. म्हणून आखणाऱ्यांनी मागची फ्रेमच साडेसतरा मिलिमीटर उजवीकडे सरकवली, आणि रिम तेवढीच डावीकडे ओढून चाक बांधायचं ठरवलं. हब एका बाजूला, पण रिम फ्रेमच्या बरोबर मध्ये. पुढचा चिमटाही तसाच, १३५ चा आणि तेवढाच सरकवलेला. त्यामुळे पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे बसवता येतं.

हे कागदावर गमतीचं वाटतं. मला त्याचा अर्थ कळला तो २०१४ च्या जानेवारीत, मिनेसोटा नदीच्या काठच्या जंगलात. लिंडेल अ‍ॅव्हेन्यूच्या टोकापासून नदीकाठाने आत गेलो होतो आणि नाइन माइल क्रीकच्या अलीकडे पेडल रिकामे फिरायला लागले. फ्रीहबमधलं, म्हणजे पेडलचा जोर मागच्या चाकाला देणाऱ्या भागातलं, ग्रीस थिजून आतल्या खिट्ट्या दात पकडेनात. तिन्हीसांजेची वेळ, गाडी तासभर लांब. माझ्या पुढच्या चाकावर आधीच्या मालकाने एक फिक्स स्प्रॉकेट, म्हणजे चाकाला घट्ट जोडलेलं दातेरी चक्र, बसवून ठेवलं होतं, ते तोवर नुसतंच फिरत असायचं. चाकं बदलली, हातमोजे दातात धरून चेनचे दुवे काढले, चेन आखूड केली आणि पेडल न थांबवता घरी आलो. बोटांना जाणीव यायला अर्धा तास लागला. त्या दिवसापासून ही सायकल विकायचा विचार माझ्या मनात आलेला नाही.

तर दांडा. आधी तीन आठवडे गंज सोडवायचं तेल, रोज सकाळी दोन थेंब. काही नाही. मग अमोनिया. सीट काढली, पेडल, क्रँक, तळाची बेअरिंग सगळं काढलं, फ्रेम उलटी टांगली आणि तळाच्या भोकातून सीटच्या नळीत अमोनिया ओतला. अ‍ॅल्युमिनियमच्या गंजावर तो काम करतो असं म्हणतात. गॅरेजचं दार उघडं ठेवून, तोंडाला फडकं बांधून. लेकीने आठ दिवस गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही. दांड्याचं डोकं टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळून फ्रेमच तरफेसारखी फिरवायचा प्रयत्न केला, तर व्हाइसचं टेबल सरकलं. दुकानात विचारलं तर म्हणाले, दांडा कापून आतून करवतीने चिरून काढू, फ्रेमची हमी नाही. एकाने कॉस्टिक सोड्याने दांडा विरघळवायचा उपाय सांगितला. तो चालतो, सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि पोलादाला सोडतो. पण जांभळा रंग गेला असता. तो रंग मला हवा होता.

शेवटी थंडीने काम केलं. लोक अशा वेळी फ्रेम गरम करायला जातात, पण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे दांडा आणखीच आवळतो. गार केलं तर तेवढंच जास्त आक्रसतं. जानेवारीत उणे २६ सेल्सिअसची रात्र येणार असं कळलं तेव्हा व्हाइसचं टेबल चार बोल्ट मारून गॅरेजच्या भिंतीला पक्कं केलं आणि फ्रेम रात्रभर अंगणात बर्फात उभी ठेवली. हिशेब केला तर २७ मिलिमीटरच्या दांड्याला मिळणारी सूट एक मिलिमीटरचा सत्तरावा भागही भरत नाही. सकाळी सहाला बायकोला उठवून आणलं, फ्रेमची दोन टोकं दोघांनी धरली. तिसऱ्या झटक्याला कडकन आवाज आला. मला वाटलं फ्रेम तुटली. बायको म्हणाली, "अहो, हलला!" वीस मिनिटं थोडं इकडे थोडं तिकडे करत तो दांडा बाहेर आला, खालच्या चार इंचांवर पांढरी पावडर, खडूसारखी. तो मी टाकलेला नाही. गॅरेजच्या खिडकीत आहे.

नळी आतून तारेच्या ब्रशने घासली, आणि सगळ्या नळ्यांमध्ये उकळवलेलं जवसाचं तेल फिरवलं. ते वाळून आत पातळ पापुद्रा धरतं आणि गंज रोखतं. फ्रेम चार दिवस घरात वाळत होती आणि घरभर जवसाच्या चटणीचा लांबचा भाऊ असावा तसा वास.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मागच्या चाकाने. हबची कडा स्पोकच्या भोकाशी तडकली होती. नवीन फॅटबाइकचा हब चालणार नाही, पण १३५ चा हब म्हणजे जुन्या माउंटन बाइकचा, आणि तसल्या सायकली लोक आजही फुटपाथवर ठेवून देतात. जुन्या सुट्या भागांच्या ढिगात मला एक उत्तम हब मिळाला. रिम माझीच. चाक बांधायला एका दुकानात दिलं. आणून बसवलं तर टायर चेनच्या बाजूच्या नळीला टेकलेला. त्या मुलाने रिम हबच्या बरोबर मध्यावर आणून ठेवली होती, अगदी सुरेख, एका केसाचाही आऊट, म्हणजे डुगडुग, नाही. त्याला दोष देत नाही, त्याने असली सायकल पाहिलीच नसणार. पण मी त्याला कागदावर काढून दिलेलं चित्र चाकाच्या पिशवीत तसंच घडी घातलेलं होतं, याचं वाईट वाटलं.

रात्री बाबांना फोन लावला. कराडला आमच्या घराखाली बाबांचं सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्याच्या सायकली, पंक्चर, ओव्हरऑइल, आणि चाकांचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. व्हिडिओवर चाक दाखवलं. "अरे, चांगलं बांधलंय की. याला कशाला हात लावतोस?" म्हणाले. मग फ्रेम दाखवली, मागून. बाबा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "फ्रेमच सरकलेली आहे रे. म्हणजे रिम डावीकडे ओढायला पाहिजे. किती?"

"साडेसतरा मिलिमीटर."

"बापरे. मग हे स्पोक पुरायचे नाहीत."

मी मापं काढली होती: उजवे स्पोक दोनेक मिलिमीटर आखूड पडत होते, आणि डावे जवळजवळ तेवढेच लांब होत होते. नवीन ३२ स्पोक मागवायची यादीही तयार होती. बाबा म्हणाले, "मागवतोस कशाला? बाजू बदल. डावे उजवीकडे घाल, उजवे डावीकडे." मी वही पुन्हा पाहिली. आकडे जुळत होते, चूक-भूल चौथाई मिलिमीटर.

दोन रविवार गेले. चाक पूर्ण उसवलं, सोळा स्पोक इकडचे तिकडे, सोळा तिकडचे इकडे. आऊट काढताना फोन खिडकीत टेकवून ठेवला होता, कराडला रात्रीचे साडेनऊ वाजलेले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "वाजव. पुढचा वाजव. हा ढिला आहे, हा नाही, मागचा. पाव फेरा." आवाजावरून ताण ओळखायची त्यांची पद्धत मी लहानपणी पाहिली होती, केली कधीच नव्हती. फोनच्या त्या खरखरीतून त्यांनी दोन ढिले स्पोक बरोबर पकडले.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी लिंडेलच्या टोकाला गाडी लावली. आदल्या दिवशी सहा इंच बर्फ पडला होता, नदीकाठी एकच वाट चेपलेली. टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघत सोडली, सहा पीएसआयच्या आसपास, टायरच्या कडेला सुरकुती दिसेपर्यंत. वाटेत हरणांचे खूर उमटले होते. सीट अर्धा इंच वर होती, गुडघे दुखले नाहीत. नाइन माइल क्रीकपाशी थांबून फोटो काढला आणि बाबांना पाठवला.

उत्तर आलं, "पुढचा टायर उलटा बसवलायस. बाण बघ."

पाहिलं. बाण खरंच उलट्या दिशेला होता. तिथेच चाक काढलं.